निनावी आवाज ते चोरीचा चेहरा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये सकाळी रेडिओ लावला की एक भरदार, मिश्कील आवाज कानावर पडायचा. रेशनवर दिवस काढणाऱ्या देशाला तो बद्धकोष्ठ, पोटातला वारा आणि पोरांची सर्दी यांबद्दल चार समजुतीच्या गोष्टी सांगायचा. सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांना त्याने ‘काळ्या कोटातले कामगार’ असं नाव दिलं होतं, कारण पोट साफ करायचं काम ते बिनबोभाट करतात. लोक हसायचे आणि ऐकायचेही. बोलणाऱ्याचं नाव मात्र बीबीसी सांगत नसे. तो नुसता ‘रेडिओ डॉक्टर’.

हे होते डॉ. चार्ल्स हिल, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे पदाधिकारी. नाव लपवण्यामागे विनय नव्हता, धंद्याचा दंडक होता. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करणं त्या काळी गैरवर्तनात मोडत असे आणि त्यापायी नोंदणी रद्द होऊ शकत असे. देशभर ऐकू जाणाऱ्या कार्यक्रमात नाव उच्चारलं, तर ती जाहिरातच ठरली असती. म्हणून आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण नाव गुलदस्त्यात.

आज त्याच देशात दूरचित्रवाणीवरच्या डॉक्टरचं नाव पुस्तकावर असतं, गोळ्यांच्या डबीवर असतं, पॉडकास्टच्या शीर्षकात असतं. कधीकधी त्या डॉक्टरला पत्ताही नसताना त्याचा चेहरा फेसबुकवर मधुमेहाचं ‘रामबाण’ औषध विकत असतो. ऐंशी वर्षांत बरंच काही बदललं, पण या गोष्टीचा गाभा मला एकाच ठिकाणी दिसतो. औषध तपासायला कायदा आहे, जाहिरातीतलं वाक्य तपासायलाही आहे. माल खपतो तो मात्र डॉक्टरवरच्या भरवशावर, आणि त्या भरवशाचा व्यापार तपासायला कोणी बसलेलं नाही.

गुप्त औषधांचा जमाना

निनावीपणाचा दंडक उगाच आला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ‘पेटंट’ औषधांचा सुळसुळाट झाला होता. वर्तमानपत्रांची पानं त्यांच्या जाहिरातींनी भरलेली असत. 1909 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचं एक शिलिंग किमतीचं पुस्तक काढलं. त्यात या औषधांचं रासायनिक पृथक्करण करून आत काय आहे आणि त्याला खर्च किती येतो, ते सरळ छापलं. ‘डबीची किंमत एक गिनी’ अशी शेखी मिरवणाऱ्या बीचम्स पिल्समध्ये कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. छप्पन्न गोळ्यांचा माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीच्या आठव्या हिश्शाचा. डबी विकली जाई एक शिलिंग दीड पेनीला, म्हणजे खर्चाच्या शंभरपटीहून जास्त किमतीला.

मौज अशी की या पुस्तकाचीच जाहिरात छापायला अनेक वर्तमानपत्रांनी नकार दिला. ज्यांच्या पैशावर छापखाना चालतो, त्यांच्याविरुद्ध कोण छापणार? प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं, समिती बसली, तिने कडक अहवाल लिहिला. तो बाहेर आला 4 ऑगस्ट 1914 रोजी. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि अहवाल बासनात गेला. कायदे पुढे तुकड्यातुकड्यांनी आले. 1917 साली गुप्तरोगांवरच्या उपचारांची जाहिरात बंद झाली, 1939 च्या कॅन्सर ॲक्टने कर्करोगावरच्या उपचारांची. बीचमचं नाव मात्र टिकलं आणि यथावकाश एका बलाढ्य औषध कंपनीच्या नावाचा भाग झालं.

या सगळ्यात डॉक्टरांच्या संघटनेने स्वतःसाठी एक रेघ ओढून घेतली होती: आम्ही विकणारे नाही. हिलसाहेबांचं निनावी राहणं हे त्या रेघेचंच पालन. अर्थात ती रेघ काही दगडावरची नव्हती. 1950 साली हेच हिल काँझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे निवडणुकीला उभे राहिले, पक्षासाठी रेडिओवर बोलले आणि ल्यूटनहून खासदार झाले. आलुबुखाऱ्यांच्या गोष्टींतून कमावलेला विश्वास मतपेटीतही चालतो, हे तेव्हाच दिसलं. पुढे तर ते बीबीसीचे अध्यक्षही झाले.

रेघ पुसली कशी

1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये सकाळची दूरचित्रवाणी सुरू झाली आणि तिथल्या सोफ्यावर हवामान सांगणाऱ्याच्या शेजारी डॉक्टर येऊन बसला. डॉ. हिलरी जोन्स 1989 पासून सकाळच्या कार्यक्रमांत दिसू लागले आणि ब्रिटनच्या घराघरांत ‘डॉक्टर हिलरी’ झाले. त्याच सुमारास मक्तेदारी आयोगाने डॉक्टरांवरची जाहिरातबंदी ग्राहकांच्या हिताची नाही, असं मत दिलं. जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, नियम सैल केले. त्यामागचा युक्तिवाद पटण्यासारखाच होता: रुग्णाला माहिती हवी, निवड हवी.

या दारातून चांगली माणसंही आत आली. फिल हॅमंड हे डॉक्टर आणि विनोदकार. 1990 च्या दशकात बीबीसीवर त्यांचा ‘ट्रस्ट मी, आय ॲम अ डॉक्टर’ सुरू झाला, तो डॉक्टरांवर आंधळा विश्वास ठेवू नका हे सांगण्यासाठीच. ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत होणाऱ्या मृत्यूंना वाचा फोडणाऱ्यांत तेही होते. म्हणजे दोष पडद्याचा नाही. पडद्यावरचा डॉक्टर कोणाच्या वतीने बोलतो, हा खरा सवाल.

टेबलावर आठवड्याचं जेवण

2004 साली चॅनेल 4 वर ‘यू आर व्हॉट यू ईट’ सुरू झालं. मांडणी जबरदस्त होती. एखाद्या जाड्या कुटुंबाने आठवडाभरात जे खाल्लं ते सगळं एका लांबलचक टेबलावर मांडायचं: थंडगार चिप्स, पाई, केक, बिअरचे डबे. मग एक सडपातळ, करारी स्कॉटिश बाई यायच्या. त्या जीभ बघायच्या, मल तपासायच्या, त्याचा वास कसा येतो हेही सांगायच्या आणि त्या कुटुंबाला सगळ्या देशासमोर रडवायच्या. शेवटी कुटुंब हिरव्या भाज्या खाऊन हलकं होऊन नाचत यायचं. बाईंचं नाव डॉ. गिलियन मॅकीथ, पीएच.डी. कार्यक्रमाच्या नावाचं त्यांचं पुस्तक वीस लाखांवर खपलं. त्यांच्या नावाने बिया, पावडरी, वनस्पतीच्या गोळ्या दुकानांत आल्या.

भाज्या खा, तळलेलं कमी करा, चाला हा सल्ला कोणत्याही आजीने दिला असता, आणि त्यात चूक काही नाही. पण नुसत्या त्याचा कार्यक्रम होत नाही आणि पावडरही खपत नाही. म्हणून वर विज्ञानाचा मुलामा. गडद हिरव्या पानांतलं हरितद्रव्य रक्ताला प्राणवायू पुरवतं, असं मॅकीथबाईंनी लिहिलं. ‘गार्डियन’मध्ये ‘बॅड सायन्स’ हे सदर लिहिणारे डॉ. बेन गोल्डेकर यांनी या वाक्याची जी चिरफाड केली, ती शाळेत शिकवावी अशी. हरितद्रव्य प्राणवायू तयार करतं ते उजेडात. आतड्यात मिट्ट काळोख. समजा, तिथे दिवा सोडलाच, तरी प्राणवायू शोषून घेणं हे फुप्फुसाचं काम आहे, आतड्याचं नाही. शिवाय आतड्यात मिथेन असतो, त्यात प्राणवायू मिसळून दिवा लावणं कितपत शहाणपणाचं, ते ज्याचं त्याने ठरवावं!

मग गोल्डेकर पदवीच्या मागे लागले. मॅकीथबाईंची पहिली पदवी भाषाशास्त्राची, स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाची, आणि ती अस्सल. आहारशास्त्रातली पीएच.डी. मात्र अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या पत्रद्वारे शिकवणाऱ्या एका संस्थेची. क्लेटन कॉलेज ऑफ नॅचरल हेल्थ या नावाने ती पुढे ओळखली गेली. मान्यताप्राप्त विद्यापीठ म्हणून तिची नोंद नव्हती आणि 2010 साली ती बंदही पडली. बाई आणखी एक बिरुद लावत: अमेरिकन असोसिएशन ऑफ न्यूट्रिशनल कन्सल्टंट्सच्या व्यावसायिक सदस्य. गोल्डेकरांनी त्या संघटनेकडे 60 डॉलर भरून आणखी एका व्यक्तीसाठी सदस्यत्व मागितलं आणि ते मिळालंही. नवी सदस्य होती त्यांची मांजर हेटी. अर्ज केला तेव्हा तिला मरून बरेच दिवस झाले होते.

मेलेल्या मांजरीच्या प्रमाणपत्रावर देश पोट धरून हसला. हसण्यात एक गोष्ट मात्र मागे पडली. मॅकीथबाईंनी ‘डॉक्टर’ म्हणवून घेण्यात कोणताही फौजदारी गुन्हा नव्हता. ब्रिटनमध्ये ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ असल्याचा खोटा आव आणणं बेकायदा आहे, ‘डॉक्टर’ हे नाव लावणं तेवढ्यानेच बेकायदा ठरत नाही. तिथले शल्यविशारद तर परंपरेने ‘मिस्टर’ लावतात. रुग्णालयात आहाराचा सल्ला देणाऱ्या ‘डायटिशियन’ला कायद्याने नोंदणी लागते, पण ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पाटी कोणीही लावू शकतं. प्रेक्षकाला हा फरक कोण सांगणार? वाहिनी सांगत नव्हती. तिला टेबलावरचे केक पुरेसे होते.

चार दारं, चार पहारेकरी

या प्रकरणात देखरेख करणाऱ्या यंत्रणा झोपल्या होत्या असं मुळीच नाही. प्रत्येकीने आपापलं काम केलं. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एमएचआरएने नोव्हेंबर 2006 मध्ये मॅकीथ यांच्या कंपनीच्या दोन वनौषधी गोळ्यांची विक्री थांबवायला लावली. लैंगिक आरोग्याबद्दल दावे करून त्या परवान्याविना विकल्या जात होत्या. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे, म्हणजे एएसएकडे, एका वाचकाने तक्रार केली. ‘डॉक्टर’ या उपाधीने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते असा कौल येणार हे दिसताच, फेब्रुवारी 2007 मध्ये कंपनीने जाहिरातींतून ती उपाधी काढून टाकण्याचं मान्य केलं.

आता या बंदोबस्ताची रचना बघा. गोळी ‘औषध’ ठरली तर एमएचआरए. जाहिरात असेल तर एएसए, आणि तिला स्वतः दंड करायचा अधिकार नाही. कार्यक्रम असेल तर प्रसारणाचं नियमन करणारं ऑफकॉम, तेही प्रसारण झाल्यावर आणि बहुधा तक्रार आली तर. बोलणारा खरा डॉक्टर असेल तर जनरल मेडिकल कौन्सिल. नियम कागदावर कडक आहेत. औषधाच्या जाहिरातीत डॉक्टरची किंवा प्रसिद्ध व्यक्तीची शिफारस वापरता येत नाही. खाद्यपदार्थाच्या आरोग्यविषयक दाव्यासाठी एखाद्या डॉक्टरचा हवाला देता येत नाही. म्हणजे डॉक्टरचा चेहरा माल विकतो, हे कायद्याला नीट कळलेलं आहे.

मग फट कुठे? रात्री साडेआठला कार्यक्रमात एखाद्या बीचे गुण गायचे, तिथे डबी दाखवायची नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात डबी ठेवायची, तिच्यावर दावा करायचा नाही. कार्यक्रम जाहिरात नाही आणि डबी कार्यक्रम नाही. दोन्हींना जोडणारा धागा ग्राहकाच्या डोक्यात असतो आणि तिथे कोणत्याही यंत्रणेचा अंमल चालत नाही.

खऱ्या डॉक्टरची गोष्ट

मॅकीथबाईंमुळे एक सोयीचा समज पसरू शकतो: पदवी तपासा म्हणजे झालं. तसं नाही, याचा पुरावा ब्रिटनने फार महागात विकत घेतला.

अँड्र्यू वेकफील्ड हे अस्सल डॉक्टर, लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले. फेब्रुवारी 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या मातब्बर नियतकालिकात त्यांचा बारा मुलांवरचा शोधनिबंध आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एमएमआर लशीचा आतड्याच्या विकाराशी आणि स्वमग्नतेशी संबंध जोडता येतो का, अशी शंका त्यात होती. निबंधात संबंध सिद्ध झाला नसल्याचं लिहिलं होतं. पण पत्रकार परिषदेत वेकफील्ड यांनी तिन्ही लशी एकत्र देणं थांबवावं असं सांगितलं, आणि वाहिन्यांना लागतं ते सगळं आयतं मिळालं: पांढऱ्या कोटातला देखणा डॉक्टर, रडणाऱ्या आया, गप्प बसलेलं सरकार. ‘दोन्ही बाजू दाखवल्या पाहिजेत’ या नियमाखाली एका बाजूला बारा मुलं आणि दुसऱ्या बाजूला लाखो मुलांची आकडेवारी एकाच वजनाने मांडली गेली. 2003 च्या डिसेंबरात चॅनेल 5 ने तर वेकफील्ड यांना नायक करून ‘हिअर द सायलेन्स’ हे नाट्यही दाखवलं.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2004 मध्ये, पत्रकार ब्रायन डिअर यांनी ‘संडे टाइम्स’मधून पडदा उचलायला सुरुवात केली. लस कंपन्यांविरुद्ध दावा लावणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते. पुढे त्यांची एकूण बेरीज 4 लाख 35 हजार पौंडांवर गेल्याचं निघालं. गोवराच्या वेगळ्या लशीच्या पेटंटसाठी त्यांच्या नावाने 1997 मध्येच अर्ज झाला होता. ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला 2010 च्या फेब्रुवारीत आणि मे महिन्यात वेकफील्ड यांचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. मधली बारा वर्षं गेली ती गेलीच. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांतलं एमएमआरचं प्रमाण 1990 च्या दशकाच्या मध्यात 92 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 2003-04 मध्ये 80 टक्क्यांवर घसरलं. वेल्समधल्या स्वान्सी भागात तर स्थानिक वर्तमानपत्राने 1997 पासूनच या लशीविरुद्ध मोहीम चालवली होती. तिथे 2013 साली गोवराची साथ आली, बाराशेंहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि एक तरुण दगावला. लस चुकलेली मुलं तोवर शाळा-कॉलेजांत पोचली होती.

2024 साली इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेले गोवराचे 2,911 रुग्ण आढळले, 2012 नंतरचा सर्वांत मोठा आकडा. वर्षाच्या सुरुवातीला साथीचं केंद्र होतं बर्मिंगहॅम आणि आसपासचा परिसर. लस न घेण्याची कारणं आज अनेक आहेत: डॉक्टरांची वेळ मिळत नाही, स्थलांतर, अविश्वास. त्या अविश्वासाचं बी मात्र जुनं आहे.

प्रश्न विचारणाऱ्याचं बिल

अशा दाव्यांना कोणी हरकत घेतली तर काय होतं? सायमन सिंग हे पंजाबी कुटुंबातले ब्रिटिश विज्ञानलेखक. 2008 मध्ये त्यांनी ‘गार्डियन’मध्ये लिहिलं, की लहान मुलांचा पोटशूळ, कानाचा संसर्ग, दमा हे मणक्याला झटके देऊन बरे होतात, या दाव्याला पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने वर्तमानपत्राला बाजूला ठेवून थेट सिंग यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. ते दोन वर्षं कोर्टात झुंजले. एप्रिल 2010 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि संघटनेने दावा मागे घेतला. गोल्डेकर आणि ‘गार्डियन’ यांच्यावर जर्मन जीवनसत्त्व-व्यापारी मथायस राथ यांनी असाच दावा लावला होता. एचआयव्हीच्या औषधांऐवजी जीवनसत्त्वं घ्या, असा प्रचार राथ दक्षिण आफ्रिकेत करत होते. 2008 मध्ये त्यांनी माघार घेतली, पण तोवर खर्च पाच लाख पौंडांवर गेला होता.

या खटल्यांतून मोठी चळवळ उभी राहिली आणि 2013 चा नवा अब्रुनुकसानी कायदा आला. आता दावा लावणाऱ्याला गंभीर हानी दाखवावी लागते आणि तज्ज्ञांनी पारखलेल्या शास्त्रीय लेखनाला संरक्षण आहे. मराठी वाचकाला हे वाचताना डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेही मिरजेत शिकलेले डॉक्टर. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची किंमत पौंडांत मोजता येत नाही.

आपल्या घरातली वाहिनी

ब्रिटनमधल्या मराठी घरांत डॉक्टरांची वाण नाही. राष्ट्रीय आरोग्य सेवेत आपल्या लोकांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या आहेत. त्याच घरांत हिवाळ्यात आलेले आई-वडील सकाळी भारतीय वाहिनी लावतात, आणि एमआरसीपी झालेल्या मुलाचा शब्द एकीकडे नि भगव्या वस्त्रातल्या योगगुरूचा दुसरीकडे असा सामना नाश्त्याच्या टेबलावर रंगतो. बहुतेक वेळा मुलगा हरतो. त्याच्याकडे ‘कदाचित’ असतं, गुरूकडे ‘नक्की’.

ऑफकॉमच्या दप्तरात या जगाच्या नोंदी आहेत. ‘लम्हे’ वाहिनीवरच्या ‘योगा फॉर यू’ या कार्यक्रमात कर्करोगासारखे गंभीर आजार योगाने बरे होतात असं सांगितलं गेलं. ऑफकॉमने वाहिनीला दोषी धरून दंड केला. ‘बिलीव्ह टीव्ही’ या ख्रिस्ती वाहिनीवर ऑलिव्ह तेलाचा साबण आणि ब्लॅककरंट या फळाचं सरबत यांनी असाध्य रोग बरे झाल्याच्या साक्षी दाखवल्या गेल्या. 2011 साली तिला 25 हजार पौंडांचा दंड झाला. ‘लव्हवर्ल्ड’ वाहिनीवर कोविड आणि लशींबद्दल वाट्टेल ते सांगितलं गेलं, तिला 2021 मध्ये सव्वा लाख पौंड भरावे लागले. देव कोणताही असो, पटकथा एकच.

भारतात तर 1954 पासून चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आहे, आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेत उत्पादनाची शिफारस करायला मनाई आहे. तरी फेब्रुवारी 2021 मध्ये पतंजलीच्या ‘कोरोनिल’च्या कार्यक्रमाला व्यासपीठावर होते केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन, स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यांना त्या आचारसंहितेवरून जाब विचारला. योग्य प्रमाणपत्राशिवाय हे औषध महाराष्ट्रात विकू देणार नाही, असं राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीर केलं. जाहिरातींचं प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2024 मध्ये पतंजलीच्या रामदेव व बाळकृष्ण यांना माफी मागावी लागली. लंडनच्या सोफ्यावरचा डॉक्टर आणि दिल्लीच्या व्यासपीठावरचा डॉक्टर यांत अंतर फारसं नाही.

सोफ्यावरून माइककडे

13 जानेवारी 2023. बीबीसीच्या वृत्तवाहिनीने हृदयरोगतज्ज्ञ डॉ. असीम मल्होत्रा यांना बोलावलं होतं ते कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांबद्दल. दिल्लीत जन्मलेले, ब्रिटनमध्ये वाढलेले मल्होत्रा साखरेविरुद्धच्या मोहिमेमुळे पडद्यावर परिचित झाले होते. 2021 च्या सुरुवातीला त्यांनी दूरचित्रवाणीवरून लोकांना कोविडची लस घ्यायला सांगितलं होतं. त्या सकाळी मात्र स्टॅटिनवर बोलता बोलता ते एमआरएनए लशींवर घसरले, त्यांचा संबंध हृदयविकाराच्या जादा मृत्यूंशी जोडला, आणि निवेदिकेने त्यांना अडवलं नाही. बीबीसीने नंतर चूक कबूल केली. तोवर ती चित्रफीत समाजमाध्यमांवर जगभर पोचली होती, कोपऱ्यात बीबीसीचं बोधचिन्ह मिरवत.

सप्टेंबर 2025 मध्ये बर्मिंगहॅमला रिफॉर्म यूके पक्षाच्या परिषदेत मल्होत्रा यांनी राजघराण्यातल्या कर्करोगांमागे कोविड लस असण्याची शक्यता एका सहकाऱ्याचा हवाला देऊन मांडली. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी त्यावर कडाडून टीका केली आणि पक्षानेही हे आमचं मत नाही असं सांगितलं. पण व्यासपीठ पक्षाचंच होतं.

दूरचित्रवाणीवर निदान तक्रार करायला ऑफकॉम आहे. पॉडकास्टला तेही नाही. ‘डायरी ऑफ अ सीईओ’ हा स्टीव्हन बार्टलेट यांचा ब्रिटनमधला अत्यंत लोकप्रिय पॉडकास्ट. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने त्याचे आरोग्यविषयक पंधरा भाग तपासले, तेव्हा दर भागात सरासरी चौदा घातक दावे आढळले. डिसेंबर 2024 मध्ये हा निष्कर्ष आला. निर्मात्या कंपनीचं म्हणणं, आम्ही पाहुण्यांना मतस्वातंत्र्य देतो.

अमेरिकेत याचं पुढचं पाऊल आधीच पडलं आहे. डॉ. मेहमेट ओझ हे निष्णात हृदय शल्यविशारद. त्यांच्या कार्यक्रमातल्या शिफारशी कॅनेडियन संशोधकांनी तपासल्या आणि ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 2014 साली निष्कर्ष छापले: पुराव्याचा आधार होता 46 टक्क्यांना, 15 टक्के पुराव्याच्या विरुद्ध, उरलेल्यांबद्दल पुरावाच नाही. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने वजन कमी करणाऱ्या ‘चमत्कारी’ गोळ्यांवरून त्यांना धारेवर धरलं. 2025 पासून हेच ओझ अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविमा योजनांचा कारभार बघतात.

चेहरा चोरीला जातो तेव्हा

जुलै 2024 मध्ये ‘बीएमजे’ने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. डॉ. हिलरी जोन्स, डॉ. रंगन चॅटर्जी आणि मायकेल मॉस्ली यांचे संगणकाने घडवलेले बनावट व्हिडिओ फेसबुक, यूट्यूबवर मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं विकत होते. चेहरा तोच, आवाज तोच, हातवारे तेच. मॉस्ली तर जूनमध्ये ग्रीसच्या सिमी बेटावर वारले होते. जोन्स यांना असे व्हिडिओ शोधून काढून टाकायला माणूस नेमावा लागला. एक काढला की दुसऱ्या नावाने दुसरा हजर. आपल्याकडे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांनाही 2024 मध्ये बनावट व्हिडिओंविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं.

या डॉक्टरांचा यात काहीही अपराध नाही. तरी चोर चोरतो काय, ते बघण्यासारखं आहे. त्याला सूत्र नको, कारखाना नको, पदवी नको. त्याला फक्त पस्तीस वर्षं सकाळी दिसलेला चेहरा हवा. बाजारात सर्वांत मोलाचा माल कोणता, हे त्याने नियामकांपेक्षा अचूक ओळखलं आहे.

मग करायचं काय? हिलसाहेबांसारखं डॉक्टरांनी पुन्हा निनावी व्हावं ही इच्छा भाबडी आहे. महामारीच्या काळात नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलणाऱ्या डॉक्टरांनी अनेकांना धीर दिला. नोंदवही तपासण्याचा सल्ला ठीक आहे. जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदवही कोणालाही फुकट बघता येते. पण वेकफील्ड यांचं नाव त्या वहीत 2010 पर्यंत होतंच. वही माणूस सांगते, त्याचा दावा खरा की खोटा ते सांगत नाही.

एक वाट मात्र नियामकांनी जाहिरातीपुरती चोखाळलेली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये एएसएने ह्युएल आणि झोई या कंपन्यांच्या काही जाहिरातींवर बंदी घातली. त्यांत बार्टलेट ग्राहक म्हणून कौतुक करताना दिसत होते. ते तेव्हा ह्युएलचे संचालक आणि झोईमधले गुंतवणूकदार होते, हे जाहिरातीत सांगितलं नव्हतं. माल चांगला की वाईट, याचा त्या निकालाशी संबंधच नव्हता. बोलणाऱ्याचा खिसा कुठे जोडलेला आहे ते झाकलं, एवढाच मुद्दा.

हाच नियम कार्यक्रमाला, पॉडकास्टला आणि व्यासपीठाला लावायला काय हरकत आहे? डॉक्टरचं नाव पडद्यावर येतं तेव्हा खाली एक ओळ यावी: नोंदणी आहे की नाही, आणि सांगतोय त्या विषयातून पैसे मिळतात का, कोणाकडून. 2004 साली ही ओळ असती तर टेबलावरच्या केकांइतकीच ती बोलकी ठरली असती. 1998 च्या पत्रकार परिषदेत एखाद्याने हा प्रश्न विचारला असता तर कदाचित बारा वर्षं वाट पाहावी लागली नसती. वाहिन्या हे आपणहून करणार नाहीत, कारण संशयाने प्रेक्षक टिकत नाहीत, खात्रीने टिकतात. 1909 साली वर्तमानपत्रांनी ‘सीक्रेट रेमेडीज’ची जाहिरात नाकारली तीही याच हिशेबाने. तो हिशेब बदलायचा तर सक्तीच लागेल, आणि ती येईपर्यंत डॉक्टरला फी देण्याआधी आणि डबीवर पैसे घालण्याआधी हा एक प्रश्न आपला आपणच विचारायचा: याने सांगितलेलं मी ऐकलं तर पैसे कोणाला मिळतील?